एवारिस्तोची कुत्री

झुल्मिराने सहा महिने एवारिस्तोला हसतमुखाने कॉफी पाजली. कपात थुंकावं असं तिला दर वेळी वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, एकदा ती थुंकलीही होती. पण तेवढ्याने काय होणार? दात कोरून पोट भरत नाही.

उघड भांडायची सोय नव्हती. तिच्या धाकट्या लेकीच्या बाप्तिस्म्याला एवारिस्तोने पोरीला हातावर धरलं होतं. त्या दिवसापासून तो हिचा कोंपाद्रे आणि ही त्याची कोमाद्रे. पुरूस नदीवर सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण लेकीच्या धर्मबापाशी जी बाई वाकडं बोलते तिच्या बोटीला कुठल्याही धक्क्यावर दोर बांधू देत नाहीत. म्हणून ओठात साखर आणि पोटात विष ठेवून ती बसली होती. बाईने डूख धरला होता, आणि तिचा नवरा अमारो सोडला तर ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या कुत्र्याचं नाव आल्मिरांते. नाव आरमारप्रमुखाचं आणि पाय बाकासारखे आखूड. अकरा वर्षं तो त्यांच्या बोटीवर होता. नवरा-बायको नदीकाठच्या गावांना साबण, दोरा, बिस्किटं, गळ आणि कंदिलाच्या काचा विकत, आणि बदल्यात कसाव्याच्या कंदाचा भरडा, केळी, खारवलेला मासा घेत. तिन्ही पोरं मोठी होऊन शहरात गेली, तेव्हा बोटीवर उरला तो आल्मिरांते. दोराच्या वेटोळ्यात अंग मुडपून झोपायचा आणि झुल्मिरा स्वयंपाकाला लागली की तिच्या पायावर हनुवटी टेकवून बसायचा. एका पायावर ते ओझं घेऊन मासे तळायची तिला सवय झाली होती.

आणि पुरूसवर कुत्रा नुसता लाडाचा नसतो. पहाटे नदीवर धुकं बसतं तेव्हा स्वतःच्या बोटीची पुढची नाळ दिसत नाही. अशा वेळी माणसं यंत्र मंदावतात आणि कुत्र्याला म्हणतात, बोल. कुत्रा भुंकतो. काठावरच्या घराचा कुत्रा ओ देतो. जुना सुकाणूवाला तेवढ्यावरून सांगतो की हा डोना तेक्लाचा काळा, म्हणजे वळण डावीकडे; हा मिशनवरचा घोगरा, म्हणजे वाळूचा दांडा अजून लांब आहे. उत्तर आलं नाही तर समोर रान आहे, असं समजायचं.

गेल्या सप्टेंबरात, पाणी अगदी खाली गेलं होतं तेव्हा, दोन्ही बोटी एकमेकींना बांधून वर चालल्या होत्या. तेल वाचतं म्हणून सगळेच तसं करतात. पुरूसला मिळणाऱ्या काळ्या नदीच्या तोंडाशी पहाटे त्यांनी दोर सोडले. झुल्मिरा आणि अमारो काळ्या नदीत शिरले, एवारिस्तो पुरूसवरून पुढे गेला. आल्मिरांते एवारिस्तोच्या टपावर झोपून गेला होता, हे दोन वळणांनंतर कळलं. झुल्मिराला काळजी वाटली नाही. परक्या बोटीचं जनावर आपल्यावर राहिलं तर पुढच्या धक्क्यावर उतरवायचं आणि उलट जाणाऱ्या पहिल्या बोटीच्या हवाली करायचं, हा नदीचा रिवाज आहे.

एवारिस्तो पुढच्या धक्क्यापर्यंत गेलाच नाही. धुक्यात आल्मिरांते आणि त्याची स्वतःची कुत्री, दोघंही भुंकू लागली. काठावरची कुत्री दोघांनाही उत्तरं देऊ लागली, आणि एवारिस्तोला कुठलं उत्तर कुणाचं ते कळेना. त्याची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. तो सगळं कानावर चालवत होता. तो वैतागला. नदीच्या मधोमध वाळूचा एक उंच दांडा उघडा पडला होता, त्यावर त्याने आल्मिरांतेला उतरवलं, पुढ्यात मूठभर भरडा टाकला आणि निघून गेला. झुल्मिराची बोट काळ्या नदीतून परतून दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने यायची होती. सप्टेंबरात पाणी चढत नाही. तीस वर्षं नदीवर काढलेल्या माणसाचा हा हिशेब होता, आणि दुसऱ्या कुणीही तोच केला असता.

झुल्मिराच्या बोटीचा पंखा ओंडक्याला लागून वाकला, म्हणून तिला दोन दिवस उशीर झाला. आणि वर डोंगरात कुठे तरी अवेळी पाऊस पडला, म्हणून पाणी चढलं. ती परतली तेव्हा दांड्याच्या जागी सपाट तपकिरी पाणी होतं. काठावरची म्हातारी म्हणाली, "एक दिवस आणि एक रात्र भुंकत होता गं बाई. आमच्या कुत्र्याने त्याला उत्तरं दिली, तोवर दिली. मग थांबला. आमची होडी फुटकी, काय करणार?"

एवारिस्तोला सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"अंदाज चुकला, कोमाद्रे. पण जाऊ द्या, कुत्राच तो. पुढच्या खेपेला झकास पिल्लू आणून देतो तुम्हाला."

आणि खरोखरच आणलं. गळ्यात लाल फीत बांधून! जखमेवर मीठ चोळायचं ते तरी सजवून चोळू नये. झुल्मिराने "देव भलं करो" म्हणत पिल्लू घेतलं आणि त्याच दिवशी तेलाच्या तरंगत्या दुकानावर एर्मेलिंडाला देऊन टाकलं.

"कुत्राच तो" हे दोन शब्द मात्र तिने ठेवून घेतले.

आता एवारिस्तोच्या कुत्रीबद्दल. तिचं नाव सेरेया, म्हणजे जलपरी. अंगाने तांबूस, एक कान फाटलेला, आवाज पितळी घंटेसारखा खणखणीत. एवारिस्तोला बायको नव्हती, मूल नव्हतं. रात्री तो सेरेयाला झोळीत घेऊन झोपतो असं लोक हसत हसत सांगायचे. झुल्मिरा ते ऐकायची आणि तिच्याही तोंडावर हसू यायचं. ते हसू निराळं होतं.

पुरूसवर एक जुना कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण पाद्रीबाबाही तो मोडत नाही. बोटीवरचं जनावर दुसऱ्या बोटीवर तीनदा आपण होऊन गेलं, आणि परक्या साक्षीदाराने ते पाहिलं, तर जनावर त्या बोटीचं. मालकाने मागायचं नाही, भांडायचं नाही. जनावराला कळतं आपलं घर कोणतं, असं लोक म्हणतात. झुल्मिराने ठरवलं की सेरेयाला आपलं घर कळेल अशी व्यवस्था करायची.

तिने तांबाकी माशाच्या बरगड्या तळायला घेतल्या. दोन बोटी एका धक्क्यावर लागल्या की वारा कुठून कुठे वाहतो ते ती आधी बघायची आणि त्याप्रमाणे चूल मांडायची. सेरेया कान टवकारायची, शेपूट हलवायची, पण मालकाकडे बघून बसून राहायची. झुल्मिराला घाई नव्हती. ती लांबूनच गोड गोड बोलायची, "काय गं राणी, उपाशी ठेवतो का गं तो म्हातारा तुला?" एवारिस्तोला वाटायचं कोमाद्रेचा राग निवला, आणि तो बापडा खूश व्हायचा.

डिसेंबरात सांता किटेरियाच्या धक्क्यावर सेरेया फळीवरून चालत पहिल्यांदा आली. धक्क्यावरच्या सुताराने पाहिलं. मार्चमध्ये भर पावसात ती पाण्यात उडी मारून आली आणि झुल्मिराच्या बोटीवर दोराच्या वेटोळ्यात अंग मुडपून झोपली. त्या वेळी सबंध धक्का बघत होता. झुल्मिराने तिला आल्मिरांतेच्या जागी झोपलेलं पाहिलं, पण उठवलं नाही. ही कुत्री तिला आवडत नव्हती. तिच्या अंगाला एवारिस्तोच्या तंबाखूचा वास यायचा. झुल्मिराला ती नुसती त्याच्यापाशी नको होती. जूनमध्ये इथली थंडी येईल, धुकी दाट होतील, आणि एवारिस्तो नाळेवर उभा राहून रिकाम्या फळ्यांना "बोल" म्हणेल. हे चित्र मनात आलं की तिला शांत झोप लागायची.

त्या दुसऱ्या खेपेनंतर एवारिस्तो स्वतः आला. टोपी हातात होती.

"कोमाद्रे, एक विनंती होती. सेरेयाला खाऊ घालू नका."

"अगं बाई! पाहुण्याला घास घालायचा नाही का आता?"

"दोनदा झालंय. लोक मोजायला लागलेत."

"लोकांना काय, रिकामटेकडे मेले. कॉफी घ्या ना."

"मला कॉफी नको. तिच्याशिवाय मला सकाळी नदी दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे ते." त्याने टोपी फिरवली, पुन्हा फिरवली. "ती गेली तर मी बोट कशी चालवायची?"

झुल्मिराने कप धुतला, पुसला, खुंटीला अडकवला.

"इतकं काय मनाला लावून घेता, कोंपाद्रे? कुत्रीच ती. गेली तर झकास पिल्लू आणून देईन."

त्याचा चेहरा उतरला. सहा महिन्यांनी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण कुणाची कॉफी पीत होतो. तो फळीवरून आपल्या बोटीवर गेला आणि त्या दिवसापासून सेरेयाला दोराने बांधू लागला. झुल्मिरा त्या रात्री घोडे विकल्यासारखी झोपली.

अमारो शांत माणूस. सुकाणू धरायचं आणि दिवसाला वीस शब्द बोलायचे, असा त्याचा नेम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "पुरे कर."

"का? आल्मिरांते तुझा नव्हता?"

"होता. म्हणून तर म्हणतो."

"तू नदीवर रड मग. मला रडता येत नाही, मला हे येतं."

मे महिना आला. पाणी भरून वाहत होतं, उपटलेली झाडं अजून येत होती. काळी नदी पुरूसला मिळते तिथेच एर्मेलिंडाचं तेलाचं दुकान ओंडक्यांवर तरंगतं. नदीवरच्या सगळ्या बोटी तिथे लागतात. एर्मेलिंडा पाणी ओसरेपर्यंत खुर्चीतून उठत नाही असं म्हणतात, कारण तिथून तिला दोन्ही नद्या दिसतात आणि तिला दुसरं काही नको असतं. झुल्मिराची बोट दुकानाच्या एका बाजूला लागली होती. दहाच्या सुमाराला एवारिस्तो दुसऱ्या बाजूला लागला.

सेरेया टपाच्या खांबाला बांधलेली होती. झुल्मिरा दुकानातून मीठ आणायला गेली, तेव्हा तिने जवळून पाहिलं. दोर खांबापाशी कुरतडलेला होता. दोन पीळ तेवढे शाबूत होते. एवारिस्तोला ते दिसलं नव्हतं, आता त्याला तसलं काही दिसत नसे. झुल्मिरा मीठ घेऊन परत आली आणि तिने बरगड्या तळायला टाकल्या.

"आज काय सण आहे का?" एर्मेलिंडाने खुर्चीतून विचारलं. "का पुन्हा पाहुणी जेवायला यायची आहे?"

"आली तर नाही कशी म्हणू?"

"माझं बरं आहे, मी साक्षीला बसलेलीच आहे. भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणतात, आणि इथे तुम्ही दोघं कुत्र्यासाठी भीक मागताय!"

एवारिस्तोने तेल घेतलं, दोर सोडले आणि बोट बाहेर काढली. ती दोन नद्यांच्या मधोमध पोचली तेव्हा झुल्मिराने तवा चुलीवरून उचलून कडेला आणला आणि साद घातली.

"सेरेया! ये गं राणी! ये!"

दोर तुटला. सेरेयाने उडी मारली.

एर्मेलिंडाने टाळी वाजवली. झुल्मिराने तवा खाली ठेवला. तिसरी खेप! सबंध दुकान बघत होतं. तेल घ्यायला आलेले चार कोळी, एर्मेलिंडा, तिची सून. आता कुणीही काही म्हणू शकणार नव्हतं.

मग एवारिस्तोने मागे पाहिलं. त्याने यंत्र उलटं टाकलं आणि ओरडला, "सेरेया! मागे फिर! इकडे, इकडे ये बाळा!"

कुत्रीने मान वळवली. तो तिच्या मालकाचा आवाज होता. ती वळली आणि त्याच्याकडे पोहू लागली.

"सेरेया!" झुल्मिराने पळी तव्यावर बडवली. "इकडे! हे बघ काय आहे!"

ती पुन्हा वळली. काळं आणि तपकिरी पाणी जिथे एकमेकाला घासतं तिथे मे महिन्यात भोवरा असतो. भोवऱ्यापासून ती वीस हातांवर असेल. एवारिस्तोला बोट जवळ आणता येत नव्हती. आणली असती तर कुत्री पंख्यात सापडली असती. तो कठड्यावर ओणवा होऊन हाका मारत होता. ती त्याच्याकडे वळली, झुल्मिराने बोलावलं, हिच्याकडे वळली, त्याने बोलावलं. दर वळणाला पाणी तिला चार हात खाली नेत होतं. आधी तिची पाठ दिसत होती, मग नुसतं डोकं.

अमारोने केव्हाच होडी सोडली होती आणि तो जीव तोडून वल्हवत होता, पण मध्ये एक झाड वाहत आलं आणि त्याला वळसा घ्यावा लागला.

एर्मेलिंडा खुर्चीतून उठली. "अगं, मरेल ती! दोघांपैकी एकाने तरी तोंड मिटा!"

झुल्मिराने ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं, आणि अर्थही कळला. तिच्या मनात आलं, मिटू दे की त्याला. माझा एक दिवस आणि एक रात्र भुंकत होता, तेव्हा त्याला बोलवायला कुणी नव्हतं. हिला तर दोघं आहेत. आणि तिने छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन पुन्हा हाक मारली.

एवारिस्तोचा आवाज बंद झाला.

पाठोपाठ यंत्र बंद पडलं, म्हणजे त्यानेच बंद केलं. झुल्मिराने पाहिलं तर बोटीवर कुणी दिसेना. क्षणभर तिला वाटलं, तो पाण्यात पडला. मग कठड्याच्या फळ्यांच्या फटीतून त्याची टोपी दिसली. कुत्रीला आपण दिसू नये म्हणून तो तळाशी बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. बोट ओढीला लागून आडवी झाली, एक फांदी तिच्या काचेवर आदळून काच फुटली, तरी तो उठला नाही.

सेरेयाने त्या बोटीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. आता एकच आवाज उरला होता. ती त्या आवाजाकडे निघाली, भोवऱ्याच्या कडेने, तिरकी, आणि अमारोने तिला मानेच्या कातडीला धरून होडीत ओढलं.

"तिसरी!" एर्मेलिंडा धापा टाकत म्हणाली आणि खुर्चीत कोसळली. "झाली तुझी. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं." पण तिने टाळी वाजवली नाही. कोळी आपापल्या डब्यांकडे बघत होते. एवारिस्तोची बोट यंत्राविना वळणाकडे वाहत चालली होती.

अमारोने कुत्रीला बोटीवर आणून ठेवलं. ती उभी राहू शकत नव्हती. पोटातलं पाणी ओकली, थरथरली, मग कशीबशी पिछाडीला जाऊन नदीकडे तोंड करून बसली. झुल्मिराने बरगड्यांची थाळी तिच्यापुढे सरकवली. तिने वासही घेतला नाही.

अमारोने स्वतःचा शर्ट काढला आणि तिला पुसू लागला.

"तो गप्प बसला," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"तू नाही बसलीस."

झुल्मिराने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी ओतलं. धूर तिच्या डोळ्यांत गेला. "मला वाटलं, तो बसणार नाही," ती म्हणाली.

अमारोचे हात थांबले. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे ती बुडाली असती तरी तुला चाललं असतं."

ती नाही म्हणाली नाही. आठ महिने तिने त्या माणसाला दगड मानलं होतं. दगडावर सूड उगवायला सोपं जातं. तिला त्याचा राग आला, पूर्वीपेक्षाही जास्त. जिंकण्याचा दिवस तिचा होता आणि त्याने तोही हिरावून घेतला होता, तळाशी गुडघ्यात डोकं घालून. आणि त्या रागाच्या खाली शरम होती, ती तिला गिळता येत नव्हती.

एवारिस्तोची बोट वळणाला पोचली. तो आता उठून सुकाणूपाशी उभा होता, पाठमोरा. सेरेयाच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने पुन्हा उडी मारली असती, हे दोन्ही बोटींवरच्या तिघांनाही कळत होतं.

"थांबव त्याला," झुल्मिरा म्हणाली. "हाक मार त्याला, अमारो. ने म्हणावं तिला."

अमारोने शर्ट पिळला आणि कठड्यावर वाळत टाकला.

"तूच मार," तो म्हणाला. "मगाशी चांगला लागला होता की आवाज तुझा."